रेवाचं गेज

३ ऑगस्ट, रविवार

पहाटे जागा झालो तो आवाजाने. साठ वर्षांपूर्वीच्या. कोरड्या कालव्यात पाणी सोडलं की पाण्याच्या आधी त्याचा आवाज यायचा. पाचोळा, काटक्या, वाळकं गवत पुढे ढकलत येणारं पाणी, खस्स, खस्स, जणू कुणी लांबून खराटा मारत येतंय. आणि काठावर आमची सातवी, चाळीस पोरं, एका सुरात:

आलं पाणी चारीमध्ये, कोरड पळाली रानाची,
पुढे पाणी, मागे पाणी, मधे होडी पानाची.

गुरुजींची स्वतःची कविता. पुस्तकात नव्हती. पाण्याची पाळी सुटायच्या दिवशी वर्ग कालव्यावर न्यायचे आणि म्हणवून घ्यायचे. भास्कर नेहमी अर्धा ठोका पुढे. गुरुजी म्हणायचे, "भास्करा, पाण्याच्या आधी तू पोचू नकोस."

डोळे नीट उघडले तर शेजारच्या गच्चीवर कुणीतरी झाडत होतं.

बत्तीस वर्षं कालवा निरीक्षक म्हणून रोज सकाळी पट्टीवरची पातळी, म्हणजे गेज, वाचून वहीत लिहिली. आता जयपूरला मुलाकडे, शिरीषकडे. पट्टी सुटली, हात सुटत नाही. म्हणून नातीचं गेज लिहितो. रेवा, साडेबारा वर्षांची, सातवीत. न्याहारीला खुर्ची कशी ओढते त्यावरून पातळी कळते. तीन फूट म्हणजे सुखाचं पाणी. सहाला तांबडी रेघ.

रे. गेज: सकाळी ३. दुपारी ५ (आईने केस विंचरायला बोलावलं). संध्याकाळी २॥, गुणगुणत होती. दोन्हीचं खरं कारण मला कळलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

केस विंचरायला का नको होतं ते आज कळलं. रेवाने पुढचे केस कापून कपाळावर झालर सोडली आहे. स्वतःच, आरशासमोर, माझ्या मिशीच्या कात्रीने. डावीकडे झालर भुवईपर्यंत, उजवीकडे जरा वर.

मेघा (सूनबाई) सी-स्कीम भागातल्या ऑफिसातून दमून आली, दारातच थांबली. "हे काय गं?"
"सगळ्यांनी केलंय."
"सगळ्या म्हणजे कोण?"
"मान्या, कुहू, प्रिशा."
"भारतात एवढेच लोक आहेत का?"

रे. गेज: ६. खोलीचा दरवाजा धाडकन.

चौघी एकाच वर्गात, एकाच बसमध्ये. मान्या मुख्य. ती कोपऱ्यावरच्या सोसायटीत राहते; उंच, हजरजबाबी, मला "आबाजी, नमस्ते" म्हणते आणि म्हणताना इतर तिघींकडे बघते. ती हसली की तिघी हसतात. मात्र अर्धा ठोका मागे. म्हणजे मान्या आमच्या भास्करासारखीच, अर्धा ठोका पुढे.

खरं सांगायचं तर झालर तिला शोभते. बोललो नाही. घरात पक्ष घ्यायचे नाहीत.

७ ऑगस्ट, गुरुवार

शाळेत पालकांसाठी व्याख्यान. शिरीषच्या बँकेत इन्स्पेक्शन, मेघाची मीटिंग. म्हटलं, मी जातो, वर्गात बसायला मला कधीही आवडतं. मुलांच्या बाकावर बसलो. गुडघे टेबलाला लागले. खडूचा वास आता कुठेच येत नाही.

डॉक्टरबाई तरुण, बोलणं गोड. या वयात मेंदू म्हणे आकाराने जवळपास पुरा झालेला असतो, पण आतलं काम चालू. भावनांचा भाग लवकर जोरात येतो. विचार करून थांबवणारा भाग कपाळामागे, तो सगळ्यात शेवटी. मेंदू मागून पुढे पिकत येतो.

मी जवळपास उभा राहिलो. टेलपासून हेडकडे! आमची पाळी अशीच द्यायची. कालव्याच्या शेपटाच्या शेताला पाणी आधी, तोंडाशी बसलेल्याला शेवटी, नाहीतर तोंडवाला सगळं पिऊन टाकतो. म्हणजे देवाच्या खात्यातही हाच नियम.

हात वर केला. "मॅडम, हेड को पानी कब मिलेगा?"
सगळे मागे वळले. बाईंना बिचारीला काय कळणार. मग हातवारे करून सांगितलं. हसल्या. "बीस-पच्चीस तक, अंकलजी. धीरज रखना पड़ेगा।"

आणखी दोन गोष्टी टिपल्या. (१) एकटं मूल जेवढा धोका घेतं, त्याहून जास्त मित्र बघत असताना घेतं. धोका कळत नाही असं नव्हे. मित्रांसमोर त्याची गोडी वाढते. (२) ग्रुपबाहेर पडण्याचं दुःख त्यांना खरोखर दुखतं. नाटक समजू नका.

येताना रिक्षात गुरुजींची कविता म्हणत आलो. रिक्षावाला म्हणाला, "बाबूजी, आवाज अच्छी है।"

८ ऑगस्ट, शुक्रवार

चूक केली. न्याहारीला रेवाला उत्साहाने सांगितलं की तुझ्या मेंदूला पाणी सुटलंय, पण हेड अजून कोरडं आहे, काळजी नको, पंचविशीपर्यंत पोचेल.

"मतलब मी डंब आहे?"
"नाही गं, उलट..."
"आबा, मी कालवा नाहीये!"

दप्तर, दार, लिफ्ट. डबा टेबलावर राहिला. मी तो घेऊन खाली धावलो (धावलो म्हणजे माझ्या हिशेबाने). बस सुटत होती. खिडकीतून मान्या ओरडली, "रेवा, तेरे आबाजी मॅराथॉन!" बसभर हशा. रेवाने खिडकीतून डबा घेतला, माझ्याकडे न बघता.

रे. गेज: ६॥.
स्वतःला ताकीद: शेतकऱ्याला पाळीचं गणित सांगू नये. पाणी कधी येणार तेवढं सांगावं.

१० ऑगस्ट, रविवार

दूधवाला दारातूनच ओरडला, "बाबूजी, कानोता की चादर चल गई!"

इथे धरण भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागलं की म्हणतात चादर चालली. नोकरीभर मी लिहीत आलो, 'सांडव्यावरून विसर्ग सुरू'. आणि इथला दूधवाला बघा! भिंतीवरून सरकणारं पातळ, अखंड, पांढरं पाणी. चादरच की. हा माणूस आमच्या गुरुजींना भेटायला हवा होता.

शिरीष म्हणाला, मागेही भरलं तेव्हा आग्रा रोडला गाड्यांची ही रांग. लोक म्हणे चादरीवरून चालतात, व्हिडिओ काढतात.
"मूर्ख आहेत," मी म्हटलं. "शेवाळावर घोटाभर पाणी म्हणजे साबणावर तेल."
रेवा पोहे खात होती. चमचा क्षणभर थांबला. लिहून ठेवतो.

रे. गेज: ३, पण खालून ओढ आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

शाळेतून आल्यावर रेवा माझ्या खोलीत आली, दार लोटलं, पलंगावर मांडी घातली. लहानपणी अशी बसायची. मी हरखलो.

"आबा, प्रॉमिस, कुणाला नाही सांगणार?"
"प्रॉमिस." किती चटकन बोललो! माझंही हेड कोरडंच.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की शाळा सुटणार. घरी सांगायचं, डान्सची प्रॅक्टिस आहे एकपर्यंत. मान्याची चुलतबहीण तनुदीदी, कॉलेजातली, गाडी घेऊन येणार. कानोता. चौघींनी हात धरून चादरीवरून चालायचं, तनुदीदी रील काढणार. जी येणार नाही ती ग्रुपच्या बाहेर.

"पाणी फक्त एवढंच असतं आबा." तिने बोटाने घोटा दाखवला.
"मग मला कशाला सांगतेस?"
बराच वेळ पलंगपोसाचा दोरा ओढत राहिली. "तुला पाण्याचं कळतं ना. म्हणून."

जाऊ नको, म्हटलं. "मग मी लंचला कुणासोबत बसू?" हे तिने अगदी साधेपणाने विचारलं.

गेज वाचलं नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

शिरीषला सांगावं. दहा वेळा तोंडाशी आलं. रेवा टेबलापलीकडून बघत होती. सांगितलं तर ती परवा जाणार नाही हे खरं. आणि यापुढे माझ्या खोलीत येऊन मांडी घालणार नाही, हेही खरं. पुढचं पाणी कुठून कसं येतंय, ते मग मला कोण सांगणार?

नाही सांगितलं, आणि परवा काही झालं तर?

दिवसभर भास्कर डोळ्यांपुढे. आमच्या गावाला कालवा रस्त्याखालून मोरीतून जायचा. पंधरा-वीस पावलांची अंधारी मोरी, पाणी जवळजवळ छताला लागलेलं. भास्कर म्हणाला, पाचही जणांनी एका तोंडाने शिरून दुसऱ्या तोंडाने निघायचं. मला नको होतं. पण भास्कर माझ्याकडे बघत होता. गेलो. आत नाक तेवढं वर, छत कपाळाला घासतंय. पलीकडे निघालो तेव्हा कोपर सोललेलं आणि आभाळ एवढं निळं की नंतर तसं कधी दिसलं नाही. आज विचारलंत तर पुन्हा जाईन म्हणेन. आणि निरीक्षक म्हणून विचारलंत तर पाचही पोरांना फोडून काढीन.

गंमत पुढे आहे. नोकरीत त्याच भागात बदली झाली, तेव्हा जुनी रजिस्टरं चाळताना तो दिवस सापडला. पाटकरी होता दगडूमामा, कालव्याची दारं सांभाळणारा, आम्हाला कायम शिव्या देणारा. त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात: 'दुपारी एक तास दार चार बोटं खाली. कारण: पोरं.'

त्याने आम्हाला मोरीशी बघितलं होतं. ओरडला नाही, घरी सांगितलं नाही. वर जाऊन पाणी चार बोटं उतरवलं. ती चार बोटं म्हणजे आमची नाकं.

रजिस्टर मांडीवर घेऊन मी किती वेळ बसलो होतो! मामा तेव्हा जाऊन सहा वर्षं झाली होती.

कानोत्याचं पाणी मी उतरवू शकत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ठरलं. कुणाला सांगणार नाही असं वचन दिलंय. घरी बसेन असं दिलेलं नाही.

भाजीवाल्याकडून दोन डझन लिंबं आणली.
मेघा: "बाबा, एवढी?"
"लागतील."
"लोणचं घालताय?"
"बघू."
सुमन, माझी बायको, आज असती तर माझ्या तोंडाकडे बघूनच काठी काढून घेतली असती.

छत्री, काठी, टोपी, पाण्याची बाटली. टोपी शोधायला शिरीषचं कपाट उघडलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. स्वातंत्र्यदिन

सकाळी आठलाच निघालो. "फिरून येतो." बस, मग शेअर रिक्षा. रिक्षात एका आजीबाईंनी विचारलं, "अकेले जा रहे हो चादर देखने?" म्हटलं, "नातिन आएगी पीछे से।"

काय ते दृश्य! भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी, उन्हात लखलखतंय, आणि आवाज तोच, खस्स, फक्त हजारपट. भुट्टेवाले, फुगेवाले, तिरंगे. भिंतीवर दहा-बारा तरुण एकमेकांना धरून चाललेले. खाली पाणी दगडांतून निघून एका उथळ ओघाने जातं. तिथे मी बैठक मारली. काठी टेकत तीस पावलं मोजली, दोन टोकांना दगड ठेवले. लिंबू वरच्या दगडापाशी सोडायचं, खालच्या दगडापर्यंत आकडे मोजायचे. नोकरीत पाण्याचा वेग आम्ही असाच काढायचो. पाच मिनिटांत गावातली सहा पोरं भोवती. "ताऊ, मेरा वाला छोड़ो!"

साडेअकराला त्या आल्या. रेवाने मला लांबूनच ओळखलं. मी वर बघितलं नाही. तिचा चेहरा मात्र दिसला.

मान्या: "रेवा, ये तेरे आबाजी हैं ना? ये नींबू क्यों फेंक रहे हैं?"
मी: "रेस चल रही है. तुम्हारा नींबू लगाना है?"

एक क्षण असा गेला की काहीही होऊ शकलं असतं. मग प्रिशाने हात पुढे केला. मग कुहूने. मान्याला हरणं सोसत नाही. तिने माझ्या पिशवीतून सगळ्यात गोल लिंबू निवडून घेतलं. पाऊण तास! मोबाईलवर वेळ, किंचाळ्या, "चीटिंग! इसने धक्का दिया!" तनुदीदी रील काढत होती ते लिंबांचं. माझी रेवा खालच्या दगडापाशी उकिडवी बसून आकडे ओरडत होती, झालर ओली, माझ्याशी एक शब्द नाही.

मग मान्याला आठवलं. "अब चादर."
कुहू म्हणाली, "यार, यहीं मज़ा आ रहा है।"
"तू डर गई." असं म्हणून मान्या एकटीच भिंतीच्या टोकाशी गेली. मीही गेलो, काठी टेकत, दोन पावलं मागे. तिने मागे वळून तिघींकडे बघितलं. मग पाय टाकला. एकच.

पाय सरकला. माझी काठी आडवी आली, तिने ती दोन्ही हातांनी धरली. पायातली सॅंडल गेली. सगळ्यांनी बघितलं. निळी सॅंडल काठावर एकदा उभी राहिली आणि नाहीशी झाली. लिंबाला तीस पावलांना मोबाईलवर आठ सेकंद लागत होते. सॅंडलला एकही नाही.

मान्या सगळ्यात मोठ्याने हसली. हात मात्र काठीवरून सुटेनात.

पाणी किती होतं ते मी बघून घेतलं. चार बोटं.

त्याच गाडीने मलाही आणलं. पुढच्या सीटवर. मागे चौघी.

(संध्याकाळी.) घरात शिरताच रेवाचा स्फोट. "आबा तिथे आला! धरणावर! सगळ्यांसमोर लिंबं घेऊन! सगळ्यांना वाटतंय मी सांगितलं!" मेघा स्वयंपाकघरातून बाहेर: "कुठल्या धरणावर?"

म्हणजे गुपित मी फोडलं नाही. रेवानेच फोडलं, एका दमात, तारखेसकट. हसू येत होतं, दाबलं.

मेघा पांढरी पडली, मग लाल. माझ्याकडे वळून शांतपणे: "बाबा, पुढच्या वेळी वचन देण्याआधी मला विचारा. आणि काठी पोचली नसती तर?" बरोबर आहे तिचं. शिरीष फक्त म्हणाला, "माझी टोपी कुठंय?" टोपी पाण्यात गेली. कधी, कळलंच नाही.

मेघाने मान्याच्या आईला फोन केला. करायलाच हवा होता.

रे. गेज: पट्टी बुडाली.

१६ ऑगस्ट, शनिवार

मान्याने रेवाला मोबाईलवरच्या ग्रुपमधून काढलं. रेवाने स्क्रीन माझ्यासमोर धरली. "बघ. खुश?" एवढं बोलून गेली.

लिंबू-सरबत केलं होतं. मी एकट्याने प्यायलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

डबा भरलेला परत. पोट दुखतंय म्हणाली. शिरीष म्हणाला, शाळा चुकवायचं निमित्त. मला डॉक्टरबाईंचं आठवलं. ओवा चावायला दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. विचारलं काही नाही. दुखतं म्हणाली ना, मग दुखतं.

लंचला ती वाचनालयात बसते. हे मेघाकडून कळलं.

भास्करने मला एकदा आठवडाभर खेळात घेतलं नव्हतं. कारण आठवत नाही. आठवडा आठवतो. चिंचेखाली बसून संपूर्ण पुस्तकातल्या कविता पाठ केल्या. म्हणजे माझी ही कवितेची आवड, ती भास्करने बाहेर काढलं म्हणून? पूर्वी कधी असा विचार केला नव्हता.

रे. गेज: १. इतकं कमी मला आवडत नाही. सहा परवडलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मी मोठ्याने 'पुढे पाणी, मागे पाणी' म्हणत शर्टाला बटण लावत होतो. रेवा दारात उभी. पाच दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून.
"हे काय आहे?"
सांगितलं.
"होडी पानाची मतलब लीफ बोट?"
"हो."
"मग ती पोचते का कुठे?"
"माहीत नाही गं. गुरुजींची बदली झाली. दुसरं कडवं त्यांनी लिहिलंच नाही."
"असं कसं? अर्धीच?"
खूप रागावून गेली. गुरुजींवर. मला बरं वाटलं.

रे. गेज: २॥.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज वही उघडली तर आधीच कुणीतरी लिहिलेलं. हिंदी शाळेचं अक्षर, मराठी घरचं. जसंच्या तसं राहू देतो:

'आबाचं गेज. सकाळी ७ फूट कारण मम्मीने चहामध्ये साखर नाही दिली. दुपारी ० (झोपला, घोरला). संध्याकाळी ४, पेपर वाचायची ॲक्टिंग करत होता आणि मला बघत होता. वीस मिनिट एकच पान.
मी कालवा नाही आहे. पण लिहितोस तर बरोबर लिही. ८ तारखेला ६॥ नव्हते, ९ होते.
पूर्ण वही वाचली. तू पण न विचारता आला होतास, तर आता सेम सेम.
ता.क. दगडूमामाचं दोन वेळा वाचलं.'

चष्मा पुसावा लागला. मग आठ तारखेला जाऊन दुरुस्ती केली: ६॥ खोडून ९, बाजूला सही. खात्यात खाडाखोड अशीच करतात.

२५ ऑगस्ट, सोमवार

आजचा डबा रिकामा आला. वाचनालयात कुहूही येऊन बसली म्हणे, "बस ऐसे ही." मान्या दुरून बघत होती. ती आता शाळेत कुणाशी फार बोलत नाही. घरी तिला बरंच ऐकावं लागलं असणार, आमच्या फोनमुळे.

"तिचं गेज काय असेल?" मी विचारलं.
रेवाने खांदे उडवले. मग जरा वेळाने: "तिला पण भीती वाटली होती आबा. काठी सोडत नव्हती ना."
"बोल की तिच्याशी."
"मी का? तिने काढलं मला."
"बरं."
"तू लगेच बरं का म्हणतोस?"

झालर आता पिनेने बाजूला केली आहे. कुणी सांगितलं नाही.

रे. गेज: सकाळी ४, दुपारी २, संध्याकाळी ५, झोपताना ३. झकास. कालवा चालू आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

सकाळी आरती. शिरीषने रजा घेतली, मेघाने उकड काढली. रेवाचे मोदक: कळ्या सात हव्यात, हिच्या अकरा, आणि एकही दुसरीसारखी नाही. शिरीष म्हणाला, "हा मोदक आहे की कोबी?" रेवाने त्याच्या नाकाला पीठ लावलं. तिने आरतीनंतर मला हळूच सांगितलं, गुरुजींचं दुसरं कडवं ती लिहिणार आहे. पहिली ओळ झाली आहे, दाखवणार नाही.

रे. गेज: ३. सुखाचं

बेल वाजली. बघतो.

(दहा मिनिटांनी, स्वयंपाकघरात, ओट्यावर वही ठेवून.)

दारात मान्या. एकटी. बसमध्ये, धरणावर, कुठेही तिला एकटी बघितलं नव्हतं. ओळखायलाच क्षण गेला. केस मागे बांधलेले, तिचीही झालर पिनेत. एका हातात लिंबांची पिशवी, दुसऱ्या हातात शिरीषची टोपी, चिखलाने कडक झालेली. तनुदीदीच्या गाडीत, सीटखाली सापडली म्हणाली. म्हणजे पाण्यात गेलीच नव्हती.

"आबाजी, नमस्ते." या वेळी इतर कुणाकडे बघायचं नव्हतं. माझ्याकडेच बघितलं.
"आओ बेटा."
आली नाही. "एक बात पूछनी थी. उस दिन... जहाँ मेरा पैर गया. पानी कितना था? सच में?"
मी बोटं दाखवली. चार.
तिने आपली चार बोटं जुळवून धरली, बघितली, अंगठ्याने मोजली. "बस इतना?"
"बस इतना."
मान हलवली. मग पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत, खालच्या आवाजात: "रेवा है?"

मागे वळलो तर रेवा पॅसेजमध्ये उभी. कोपरापर्यंत तांदळाचं पीठ. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. मी वाचायचा प्रयत्न केला. नाही जमलं, पट्टीच दिसेना. पुढे ती, मागे ही, मधे मी, लिंबांची पिशवी हातात घेऊन.

मोदक उतू जातील म्हणालो आणि आत आलो. मोदक उतू जात नाहीत, हे दोघींनाही माहीत आहे.

अजून बाहेर आवाज नाही.